वाचकांचे प्रश्न : मोडेम संगणकाच्या आत असावा की बाहेर?

२००१ मधील या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मोडेमविषयी, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणकाला इंटरनेटशी जोडणाऱ्या उपकरणाविषयी, आहेत आणि बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच शंका आहे : संगणकाच्या पेटीत बसवलेल्या कार्डापेक्षा बाहेर ठेवण्याच्या डबीने इंटरनेट जलद चालते का? ही शंका पैशाशी निगडित असल्यामुळे आणि बाजारात तिचे उत्तर फार ठामपणे दिले जात असल्यामुळे यावेळचे सदर तिलाच दिले आहे.

प्रश्न : गेल्या दिवाळीत घेतलेल्या माझ्या संगणकात अंतर्गत मोडेम आहे. त्यावर ५६के असे लिहिलेले असूनही जोडणी बहुधा ३१,२०० या वेगाने होते. पुण्यातील माझ्या मेहुण्यांकडे बाह्य मोडेम आहे व त्यांना नेहमी ४५,३३३ इतका वेग मिळतो. आमचा विक्रेता म्हणतो की, बाह्य मोडेम घेतल्यास मलाही तेवढाच वेग मिळेल. त्यासाठी दुपटीहून अधिक खर्च करावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खर्च करण्यापूर्वी आपण दिलेल्या दोन आकड्यांकडेच नीट पाहू, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांच्यात आहे. हे आकडे सेकंदाला येणाऱ्या बिटांचे, म्हणजे शून्य-एकच्या अंकांचे, आहेत आणि ५६के म्हणजे ५६ हजार. ३१,२०० ही संख्या २,४०० च्या पटीतली आहे. १९९४ साली आलेल्या व्ही.३४ या मानकाचे वेग २,४०० च्या पायऱ्यांनी चढतात : २६,४००, २८,८००, ३१,२०० आणि शेवटी, १९९६ च्या सुधारणेनंतर, ३३,६००. व्ही.९० या १९९८ च्या मानकाचे, म्हणजे ज्याला आपण ५६के म्हणतो त्याचे, वेग २८,००० पासून सुमारे १,३३३ च्या पायऱ्यांनी चढतात : ४४,०००, ४५,३३३, ४६,६६७ असे. याचा अर्थ असा की, आपला मोडेम ५६के पद्धतीने हळू चालत नसून ती पद्धत त्याने वापरलेलीच नाही. जोडणीच्या वेळी त्याने लाइन तपासली, व्ही.९० जमणार नाही असे ठरवले आणि तो जुन्या मानकावर उतरला. आपल्या मेहुण्यांच्या मोडेमला तसे उतरावे लागलेले नाही. तेव्हा विचारायचे ते हे की, आपल्या मोडेमला तो निर्णय का घ्यावा लागला.

त्यासाठी ५६के ही गोष्ट काय आहे ते समजून घ्यावे लागेल. आपला आवाज दूरध्वनी केंद्रात पोहोचला की तेथे दर सेकंदाला ८,००० वेळा त्याचे माप घेतले जाते आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहिले जाते. त्यातून ६४,००० बिटांचा प्रवाह तयार होतो आणि पुढील प्रवास अंकांच्या रूपात होतो. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा मोडेम या अंकी जाळ्याला थेट जोडलेला असल्यामुळे त्याने पाठवलेली माहिती आपल्या केंद्रापर्यंत अंक म्हणूनच येते व केवळ शेवटच्या टप्प्यावर, केंद्रापासून आपल्या घरापर्यंतच्या तांब्याच्या जोडीवर, तिचे रूपांतर विद्युतदाबाच्या चढउतारांत होते. आपल्या मोडेमला हे चढउतार वाचून मूळ अंक ओळखायचे असतात. आठ बिटांतील सगळ्या पायऱ्या ओळखता येत नाहीत, कारण लहान पायऱ्या एकमेकींच्या फार जवळ असतात. म्हणून सात बिटे वापरली जातात आणि ८,००० गुणिले सात म्हणजे ५६,००० हा आकडा येतो. उलट दिशेने, म्हणजे आपल्याकडून कंपनीकडे, माप घेण्याचे काम केंद्राला करावे लागते व त्यात अपरिहार्य चूक राहते, म्हणून तो वेग ३३,६०० वरच थांबतो.

यातली अट कडक आहे. कंपनी आणि आपण यांच्यामध्ये रूपांतर एकदाच झाले पाहिजे. मध्ये कोठेही अंकांचे तरंग आणि तरंगांचे पुन्हा अंक झाले की ५६के संपले, मग मोडेम कितीही महाग असो. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की बारीक अक्षरे जशी भरून जातात, तशाच त्या जवळजवळच्या पायऱ्या पुसल्या जातात. असे दुसरे रूपांतर दोन ठिकाणी आढळते : केंद्र जुन्या पद्धतीचे असेल किंवा पुढच्या केंद्राला अंकी मार्गाने जोडलेले नसेल तेव्हा; किंवा भागात तारांच्या जोड्या अपुऱ्या पडल्यामुळे एकाच जोडीवर उपकरण बसवून दोन ग्राहकांना फोन दिलेले असतील तेव्हा. बोलताना यातले काहीच जाणवत नाही. आपल्या शेजारच्या घरात कोणाकडे मोडेम असेल तर त्यांचा आकडा विचारावा. त्यांना चाळीस हजारांच्या वर वेग मिळत असेल तर केंद्राकडे बोट दाखवता येणार नाही व शोध आपल्या घराकडे वळवावा लागेल.

आणि माझा अनुभव असा की, बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो. माझ्या स्वतःच्या घरी दोन वर्षे जोडणी तीस हजारांच्या आसपास अडकलेली होती आणि मीही मोडेम बदलण्याच्या विचारात होतो. फोनची तार बैठकीतल्या रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीतून, स्वयंपाकघरातील दुसऱ्या फोनकडे आणि तेथून मागच्या खोलीतील संगणकाकडे गेली होती. वाटेत ती ट्यूबलाइटच्या पट्टीला चिकटवलेली होती आणि दोन ठिकाणी पीळ घालून, वर चिकटपट्टी लावून जोडलेली होती. एका रविवारी संगणक उचलून बैठकीत आणला, बाकीचे दोन्ही फोन काढले आणि आखूड तारेने मोडेम पहिल्या रोझेटला जोडला. मोडेम तोच होता आणि आकडा ४४,००० झाला. नंतर रोझेटपासून संगणकापर्यंत वेगळी अखंड तार ओढून घेतली, तिला विजेच्या वायरिंगपासून हातभर दूर ठेवले आणि तो वेग कायम राहिला. आपणही आधी हीच परीक्षा घ्यावी. तिला एक दुपार आणि थोडी तार लागते.

परीक्षेनंतरही आकडा ३१,२०० राहिला आणि शेजाऱ्यांचा चाळीस हजारांवर असला, तर मात्र आपल्या मोडेमवर संशय घेण्यास जागा आहे. तरीही तो आत आहे म्हणून नव्हे. अंतर्गत कार्ड वीजपुरवठ्याच्या आणि मदरबोर्डच्या गोंगाटात बसलेले असते, हे खरे आहे, आणि स्वस्त कार्डावर हा गोंगाट अडवण्याची व्यवस्था कच्ची असते, हेही खरे आहे. पण यामुळे पडणारा फरक, लाइन धडधाकट असल्यास, माझ्या मते एकदोन पायऱ्यांहून अधिक नसतो. त्याहून मोठा फरक आपल्या मोडेममधील चिप आणि कंपनीकडील मोडेम यांचे एकमेकांशी कितपत जुळते यावर पडतो. १९९८ पूर्वी के५६फ्लेक्स आणि एक्स२ अशा परस्परांशी न बोलणाऱ्या दोन पद्धती बाजारात होत्या व त्या काळातील मोडेम २००१ मध्येही विकले जात होते. आपले कार्ड त्यांपैकी असेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर व्ही.९० ची सुधारणा मिळते का ते पाहावे. शक्य असल्यास कोणाचा तरी बाह्य मोडेम एका संध्याकाळपुरता उसना आणून आपल्या लाइनवर, त्याच क्रमांकाला, त्याच वेळी, आलटून पालटून पाचसहा वेळा जोडून पाहावा. पुण्यातील लाइनवरचा मोडेम आणि सांगलीतील लाइनवरचा मोडेम यांची तुलना ही मोडेमची तुलना नव्हे.

फरकाची किंमत किती, तेही सांगतो. चूक-सुधारणा चालू असताना आकड्याला आठने भागले की सेकंदाला मिळणारे बाइट (आठ बिटांचे गट) निघतात. ३१,२०० वर एक मेगाबाइटची फाइल उतरायला साडेचार मिनिटे लागतात आणि ४५,३३३ वर तीन मिनिटांहून थोडी अधिक. प्रत्यक्षात दोन्हींना थोडा जास्तच वेळ लागतो. २००१ मध्ये फोनचे बिल मिनिटांवर येत होते, म्हणून हा फरक मी क्षुल्लक मानत नाही. पण तो तारेच्या खर्चात मिळत असेल तर मोडेमच्या खर्चात का घ्यावा?

प्रश्न : माझ्या जुन्या पेंटियमपूर्व संगणकाला भावाने दिलेला ५६के बाह्य मोडेम जोडला आहे. विंडोजच्या खिडकीत १,१५,२०० या वेगाने जोडणी झाल्याचे दिसते. परंतु पाने अतिशय सावकाश उघडतात आणि फाइल उतरवताना मध्येच थांबतात. इतका वेग असून असे का व्हावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्याला दिसणारा १,१५,२०० हा आकडा टेलिफोन लाइनचा नाहीच. तो संगणक आणि मोडेम यांच्यामधील केबलचा, म्हणजे सीरियल पोर्टचा वेग आहे. काही मोडेम जोडणी झाल्यावर लाइनऐवजी पोर्टचा वेग कळवतात आणि विंडोज तोच दाखवते. रॉकवेल, म्हणजे नंतरच्या कोनेक्झंट, कंपनीच्या चिपचा मोडेम असेल तर मोडेमच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागातील ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’च्या रकान्यात डब्ल्यू हे अक्षर आणि त्यापुढे २ हा अंक लिहावा, पुढच्या जोडणीपासून खरा आकडा दिसू लागेल. इतर चिपसाठी मोडेमची पुस्तिका पाहावी लागेल.

फाइल मध्येच थांबण्याचे कारण मला दुसरीकडे दिसते, आणि या स्तंभात बाह्य मोडेमची बाजू लंगडी पडते ती येथेच. सीरियल पोर्टवर येणारा प्रत्येक बाइट यूएआरटी नावाची एक चिप घेते व प्रोसेसरला हाक मारते. जुन्या संगणकांतील ८२५० किंवा १६४५० या चिपपाशी एकाच बाइटची जागा असते. १,१५,२०० च्या वेगाने दोन बाइटांमध्ये सुमारे ८७ मायक्रोसेकंदांचे अंतर राहते. तेवढ्यात प्रोसेसर हार्डडिस्कच्या कामात असला की नवा बाइट जुन्यावर येऊन पडतो, तो गमावला जातो आणि माहितीचा तो तुकडा पुन्हा मागवावा लागतो. १६५५०ए या चिपमध्ये सोळा बाइटांचा साठा असल्यामुळे प्रोसेसरला उसंत मिळते. आपल्या संगणकात कोणती चिप आहे हे पाहण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील ‘मोडेम्स’ उघडून ‘डायग्नॉस्टिक्स’मध्ये आपला पोर्ट निवडावा आणि ‘मोअर इन्फो’ दाबावे. यूएआरटीचे नाव तेथे स्पष्ट लिहिलेले असते.

ते १६५५० निघाले तर पोर्टच्या सेटिंगमध्ये साठा वापरण्याची खूण केलेली आहे ना, एवढे पाहावे. ८२५० किंवा १६४५० निघाले तर पोर्टचा वेग ३८,४०० किंवा त्याहून खाली आणावा. आकडा लहान दिसला तरी गळती थांबल्यामुळे काम वेगाने होईल. कायमचा उपाय म्हणजे १६५५० असलेले सीरियल पोर्टचे आयएसए (मदरबोर्डवरील जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारे) कार्ड मिळवणे, किंवा स्वतःची यूएआरटी अंगावर घेऊन येणारा आयएसए प्रकारचा अंतर्गत मोडेम बसवणे. आपल्या संगणकापुरते बोलायचे तर तो बाह्य मोडेमपेक्षा निश्चितच जलद चालेल.

असे कार्ड बसवताना एक काळजी घ्यावी. त्यावरील जंपरने (छोट्या जोडकळीने) त्याला कॉम३ हा सीरियल पोर्टचा क्रमांक दिला आणि आपला माउस कॉम१ वर असला, तर दोघेही आयआरक्यू ४, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याचा एकच मार्ग, मागतात आणि माउस हलवताच जोडणी गोठते. कॉम२ आणि कॉम४ यांचे असेच भांडण आयआरक्यू ३ वरून होते. माउस कॉम१ वर असेल तर संगणकाचा कॉम२ बायोसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) बंद करून तो क्रमांक मोडेमला देणे सर्वांत निर्धोक.

प्रश्न : अंतर्गत मोडेमवर इंटरनेट चालू असताना मी गाणी लावली किंवा दुसरा मोठा प्रोग्रॅम उघडला की वेग एकदम घटतो, कधी जोडणीच तुटते. शिवाय मला लिनक्स शिकायचे असून त्यात हा मोडेम ओळखला जात नाही. मित्र म्हणतात की, सर्व अंतर्गत मोडेम असेच असतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सर्व नव्हे, पण २००१ मध्ये दुकानांत मिळणारी बहुतेक पीसीआय (नव्या पद्धतीच्या खाचेत बसणारी) कार्डे आपण वर्णन केलेल्या प्रकारची होती, आणि अंतर्गत मोडेमची बदनामी बऱ्याच अंशी त्यांनी ओढवून घेतली आहे. पूर्ण मोडेममध्ये दोन कामे करणारे भाग असतात : एक, तरंगांतून अंक काढण्याचे गणित करणारा सिग्नल प्रोसेसर, आणि दुसरा, संगणकाकडून आलेल्या आज्ञा समजून घेणारा, चुका सुधारणारा व माहिती दाबून लहान करणारा नियंत्रक. स्वस्त कार्डांत नियंत्रक काढून टाकलेला असतो आणि त्याचे काम विंडोजमधील ड्रायव्हरवर, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोपवलेले असते. त्याहून स्वस्त कार्डांत सिग्नल प्रोसेसरही नसतो. फोनच्या तारेशी जुळवून घेण्यापुरता भाग तेवढा कार्डावर राहतो व सगळे गणित संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला करावे लागते. २००१ च्या सुमारास काही नव्या मदरबोर्डांवर एएमआर नावाची आखूड खाच असे. तिच्यात बसणारा मोडेम या दुसऱ्या वर्गातला असतो. बाजारात या सर्वांना सरसकट विनमोडेम म्हणतात. मुळात ते एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव होते.

आता वेगाचा विचार करू. पेंटियम थ्री किंवा नव्या सेलेरॉनला हे गणित जड नाही, आणि अशा संगणकावर चांगल्या ड्रायव्हरसह विनमोडेमचा वेग पूर्ण मोडेमपेक्षा कमी भरताना मी पाहिलेला नाही. पेंटियम १६६ किंवा २०० वर मात्र चित्र वेगळे असते. लाइनवरून येणारे तरंग कोणासाठी थांबत नाहीत. प्रोसेसर गाण्याची फाइल उलगडण्यात गुंतला आणि त्याने मोडेमचे गणित काही क्षण लांबणीवर टाकले, की मोडेमचे लाइनवरील भान सुटते, तो समोरच्या मोडेमशी नव्याने जुळवून घेऊ लागतो आणि तेवढा वेळ काहीच हलत नाही. दोनतीन वेळा असे झाले की तो वेग खाली आणतो किंवा फोन ठेवून देतो. आपली तक्रार तंतोतंत अशी असल्याने आपला संगणक या मर्यादेच्या जवळचा असावा. प्रथम उत्पादकाकडील, उत्पादक माहीत नसल्यास चिपच्या कंपनीकडील, नवा ड्रायव्हर घालून पाहावा. पुष्कळदा यानेच सुधारणा होते.

लिनक्सपुरता मात्र माझा कौल स्पष्ट आहे. सीरियल पोर्टला जोडायचा बाह्य मोडेम घ्यावा. त्याला ड्रायव्हर असा लागतच नाही. तो ‘एटी’ने सुरू होणाऱ्या ठरावीक मोडेम-आज्ञा समजतो आणि लिनक्स, डॉस किंवा विंडोज यांत भेद करत नाही. विनमोडेमपैकी ल्यूसेंटच्या चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो, पण ज्याला प्रणाली नव्यानेच शिकायची आहे त्याने सुरुवात मोडेमशी झगडण्यात घालवावी, असे मला वाटत नाही. फक्त ‘बाह्य’ हा शब्द वाचून फसू नये. यूएसबीला जोडायच्या मोडेमपैकी काहींचे नियंत्रकाचे काम ड्रायव्हरच करतो, म्हणजे डबी बाहेर आणि मेंदू आत. खोक्यावर किमान प्रोसेसरची अट छापलेली असेल आणि फक्त विंडोजचीच नावे असतील, तर तो मोडेम आत बसणारा असो वा बाहेर, पूर्ण नाही असे समजावे.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे जोडणी सारखी तुटते. गेल्या वर्षी विजेच्या कडकडाटात अंतर्गत मोडेम जळाला आणि सोबत मदरबोर्डही गेला. बाह्य मोडेम घेतल्यास दोन्ही त्रास वाचतील का?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : दुसरा त्रास बऱ्याच अंशी वाचेल, पहिला नाही.

वीज जवळपास कोसळली की टेलिफोनच्या तारेतून दाबाचा लोट घरात येतो. अंतर्गत कार्ड मदरबोर्डच्या खाचेतच बसलेले असल्याने कार्डाची बचाव-व्यवस्था ओलांडली गेली की पुढचा बळी मदरबोर्डच असतो. बाह्य मोडेममध्ये तोच लोट आधी डबी जाळतो. त्यानंतर सीरियल पोर्ट जळाल्याचीही उदाहरणे आहेत, पण संगणक बहुधा वाचतो. कोकणातील पावसाचा विचार करता, वेगाचा एक बिटही न वाढवता बाह्य मोडेमवर केलेला खर्च आपल्याबाबतीत मला योग्य वाटतो. तरीही ढग गडगडू लागताच फोनची तार आणि विजेचा प्लग अशा दोन्ही गोष्टी काढून ठेवाव्यात. केवळ बटण बंद करण्याने संरक्षण मिळत नाही, कारण लोट फोनच्या तारेतून येतो आणि ती बटणातून जात नाही. लोट जमिनीत सोडणारी गॅस डिस्चार्ज ट्यूब नावाची छोटी संरक्षक नळी लाइनवर बसवून घेता येते, मात्र घराचे अर्थिंग कच्चे असेल तर तिचा उपयोग होत नाही.

बाह्य मोडेमचा अडॅप्टर यूपीएसला जोडायला बहुतेक जण विसरतात. मग वीज गेली की संगणक चालू राहतो आणि मोडेम मात्र बंद पडतो. अंतर्गत मोडेमला ही अडचण नाही. अडॅप्टर बिघडल्यास बाजारातला कोणताही नऊ व्होल्टचा लावू नये. काही मोडेमना एसी दाब लागतो व काहींना डीसी, तेव्हा जुन्यावरचा मजकूर वाचूनच नवा घ्यावा.

जोडणी तुटण्याचे कारण ओलसर सांधे हे आहे. खांबावरील डब्यात, घराच्या छपराखालील जोडात किंवा रोझेटच्या स्क्रूवर हिरवट गंज चढला की तेथे लाइन खरखरते. मोडेम बाजूला ठेवून साध्या फोनचा रिसीव्हर उचलावा, एखादा अंक फिरवून डायल टोन घालवावा आणि त्या शांततेत कान देऊन ऐकावे. खरखर, गुणगुण किंवा दुसऱ्या कोणाचे संभाषण ऐकू आले तर तेच मोडेमलाही ऐकू येते. रोझेट उघडून तारांची टोके घासून पुन्हा घट्ट करणे आपल्याला करता येईल. बाहेरच्या सांध्यांसाठी टेलिफोन कंपनीकडे तक्रार नोंदवावी, पण तक्रारीत इंटरनेट तुटते असे न सांगता फोनवर बोलताना खरखर येते असे सांगावे, कारण बोलणे नीट ऐकू न येणे हा लाइनमनच्या दृष्टीने पाहता येण्याजोगा दोष आहे. दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरता उपाय असा : मोडेमच्या जादा सेटिंगमध्ये एस१० या नोंदीची किंमत १०० ठेवावी. समोरचा स्वर हरवल्यावर फोन ठेवण्याआधी किती वाट पाहायची, ते ही नोंद सेकंदाच्या दशांशांत ठरवते. म्हणजे दहा सेकंदांपर्यंतचा खंड मोडेम सहन करील.

बाह्य मोडेमच्या दर्शनी दिव्यांचा उपयोगही अशाच वेळी होतो. सीडी (कॅरिअर डिटेक्ट) हा दिवा विझला तर समोरच्या मोडेमचा स्वर गेला, म्हणजे दोष लाइनचा किंवा कंपनीचा. तो जळत असून आरडी हा येणाऱ्या माहितीचा दिवा लुकलुकत नसेल तर जोडणी शाबूत आहे व खोळंबा पुढे इंटरनेटवर कोठेतरी आहे. पेटीतल्या कार्डाकडून ही माहिती इतक्या सहज मिळत नाही, आणि अडकलेले कार्ड मोकळे करण्यासाठी अनेकदा सगळा संगणकच पुन्हा सुरू करावा लागतो.

प्रश्न : व्ही.९२ नावाचे नवे मानक आले आहे असे वाचले. आताच मोडेम घ्यावा की थांबावे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : थांबण्याचे कारण दिसत नाही. २००० च्या नोव्हेंबरमध्ये संमत झालेल्या या मानकाने आपल्याकडे येणाऱ्या माहितीचा वेग वाढत नाही. ती मर्यादा ५६,००० च राहते. आपल्याकडून जाणारा वेग ४८,००० पर्यंत जाऊ शकतो, ओळखीच्या लाइनवर जोडणी लवकर होते आणि दुसरा फोन आल्यास इंटरनेट काही वेळ थोपवून ठेवता येते. मात्र या तिन्ही सोयींसाठी सेवा देणाऱ्या कंपनीकडेही व्ही.९२ असावे लागते, तेव्हा आधी आपल्या कंपनीला विचारावे.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी अंतर्गत आणि बाह्य असे दोन्ही मोडेम वापरून पाहिले. वेग २६,४०० च्या वर जात नाही आणि कधी कधी डायल टोन ऐकू येत असूनही तो नसल्याचा संदेश येतो. आता काय करावे?
— एक शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : दोन वेगळे मोडेम एकाच आकड्यावर थांबत असतील तर मोडेमवर आणखी पैसे घालू नयेत. आपण केंद्रापासून लांब असाल, किंवा पहिल्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे वाटेत दुसरे रूपांतर होत असेल. केंद्रातील जेटीओंना (कनिष्ठ दूरसंचार अधिकाऱ्यांना) भेटून आपली लाइन थेट तांब्याच्या जोडीवर आहे की जोडी वाटून घेणाऱ्या उपकरणावर आहे, एवढे विचारावे आणि तसे उपकरण असल्यास मोकळी जोडी मिळण्यासाठी लेखी अर्ज द्यावा. डायल टोनच्या संदेशाचे कारण असे की, काही मोडेम परदेशातील स्वर ओळखण्यासाठी बेतलेले असतात आणि आपल्याकडील स्वर त्यांना पटत नाही. मोडेमच्या ‘कनेक्शन’ या पानावरील ‘वेट फॉर डायल टोन’ची खूण काढून टाकली की तो न थांबता क्रमांक फिरवतो.

२६,४०० च्या लाइनवरही टपाल व्यवस्थित चालते. पत्रे जोडणीआधी लिहून ठेवावीत, एकदम पाठवावीत, आलेली उतरवून घ्यावीत आणि फोन ठेवून मग वाचावीत. इंटरनेट एक्स्प्लोरर या त्या काळच्या ब्राउझरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर ‘शो पिक्चर्स’ची खूण काढली की बहुतेक पानांचा नुसता मजकूर येतो. मजकूर मोडेम स्वतःच दाबून लहान करून पाठवत असल्यामुळे तो चित्रांपेक्षा कितीतरी लवकर पोहोचतो. एखादे चित्र हवेच असेल तर त्याच्या रिकाम्या चौकटीवर माउसचे उजवे बटण दाबून तेवढेच मागवता येते.